शंकूच्या टोकाशी दडलेले गणित

गणित म्हणजे केवळ उत्तरे काढण्याचे शास्त्र, हा समज आपल्या समाजात अजूनही दृढ आहे. दहावीनंतर अनेक मुले याच समजुतीने बीजगणिताचा निरोप घेतात. म्हणून शालेय बीजगणिताच्या उंबरठ्यावरून दिसणारा आधुनिक गणिताचा एक प्रदेश या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

क्ष आणि य हे दोन चल घेऊ. दोघांचीही चिन्हे एकाच वेळी बदलली, तरी क्षचा वर्ग, क्ष व य यांचा गुणाकार आणि यचा वरग या तीन राशी बदलत नाहीत. त्यांना अनुक्रमे अ, ब, क म्हटले, तर अ × क = ब² हे एकच समीकरण त्यांना बांधून ठेवते. या समीकरणाची आकृती म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन शंकू. पृष्ठभाग सर्वत्र गुळगुळीत असतो. फक्त टोकाशी तो गुण भंगतो. अशा बिंदूला आपण विलक्षण बिंदू म्हणू.

जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १८८४ च्या आपल्या ग्रंथात वीस त्रिकोणी पृष्ठे असलेल्या घनाकृतीच्या सममितींचा असाच अभ्यास केला. तेथे सममितींचा गट १२० घटकांचा होतो. न बदलणाऱ्या राशी मात्र पुन्हा तीनच, आणि समीकरणही एकच: एकीचा वर्ग, दुसरीचा घन व तिसरीचा पाचवा घात यांची बेरीज शून्य.

विलक्षण बिंदू काढून त्याच्या जागी वक्र बसविले, की पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत होतो. पॅट्रिक ड्यू व्हाल यांनी १९३४ मध्ये अशा वक्रांची मांडणी तपासली. शंकूसाठी एक वक्र पुरतो. क्लाइन यांच्या त्या पृष्ठभागासाठी आठ लागतात.

आता दुसरी वाट पाहू. गटातील प्रत्येक सममिती सारणीच्या रूपात लिहिणे, यास प्रतिरूपण म्हणतात. त्याचे मूलभूत प्रकार मोजकेच असतात. चिन्हबदलाच्या गटाचे असे प्रकार दोन. १२० घटकांच्या गटाचे नऊ; त्यांच्या सारण्यांचे आकार १, २, २, ३, ३, ४, ४, ५ आणि ६. या संख्यांच्या वर्गांची बेरीज बरोबर १२० येते. वाचकांनी ती स्वतः करून पाहावी. काहीच न बदलणारा क्षुल्लक प्रकार वगळला, तर उरतात एक आणि आठ. जॉन मॅके यांनी १९७९ च्या सुमारास दाखविले की केवळ संख्याच नव्हे, तर या प्रकारांना जोडणारा आलेखही वक्रांच्या आलेखाशी तंतोतंत जुळतो.

हा योगायोग नव्हे. बहुपदी आणि सममिती यांना एकाच बैजिक रचनेत गुंफले, तर सममिती बहुपदीला ओलांडताना तिचे रूप पालटते. गुणाकाराला जणू पीळ बसतो. मॉरिस ऑस्लँडर यांनी १९८६ मध्ये अशा पिळाच्या रचनेच्या साहाय्याने मॅके यांचा आलेख थेट विलक्षण बिंदूच्या बीजगणितातून मिळविला.

जेथे पृष्ठभाग भंगतो, तेथेच त्याच्या सममितीची सारी नोंद जपलेली असते. ती वाचण्याची पहिली पायरी वर्ग, गुणाकार आणि चिन्हे एवढीच आहे, आणि ती आपल्या मुलांच्या दप्तरात आजच आहे. दहावीच्या निकालानंतर विषय निवडताना पालकांनी एवढे अवश्य ध्यानी घ्यावे, ही आमची विनंती.