ॲसिटोबॅक्टरचे आडनाव का बदलले?



को ८६०३२ आणि फुले २६५ यांतला फरक आपल्या सोलापूर जिल्ह्यातला ऊसकरी बांधावरून सांगतो. कांडी पाहिली, डोळा पाहिला की झाले! पण बेणेप्रक्रियेच्या बाटलीतल्या जिवाणूंचे काय? सूक्ष्मदर्शकाखाली कितीतरी जाती सारख्याच काड्यांसारख्या दिसतात. मग त्यातला खरा ॲसिटोबॅक्टर ओळखायचा कसा?

या जिवाणूची हकिगतच त्याचे उत्तर देते. ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली तो उसाच्या मुळांत व कांड्यांत सापडल्याचे जाहीर केले. दहा टक्के साखरेच्या द्रावणातही तो वाढतो आणि हवेतले नत्र बांधतो. आधी त्याला ‘सॅकरोबॅक्टर’ हे नाव सुचवले गेले. १९८९ साली तो ॲसिटोबॅक्टरच्या घराण्यात गेला. १९९७ साली पुन्हा फेरफार होऊन तो ‘ग्लुकोनॲसिटोबॅक्टर’ झाला. बाजारात मात्र जुनेच नाव चालते.

हा फेरफार झाला तो रेणूंच्या पुराव्यावर. प्रत्येक जिवाणूत प्रथिने घडवणारे रायबोसोम असतात. त्यांच्या एका भागाचा आराखडा ‘१६ एस’ जनुकात असतो. सुमारे १,५०० अक्षरांची ही ओळ फार सावकाश बदलते. दोघांच्या ओळी शेजारी ठेवल्या, की किती अक्षरे जुळत नाहीत त्यावरून नाते जवळचे की लांबचे ते कळते. अमेरिकेतील कार्ल वोज यांनी १९७७ साली याच रेणूच्या तुलनेतून जीवसृष्टीची नवी वंशावळ मांडली.

सख्ख्या भावांत मात्र ही ओळ जवळजवळ सारखीच निघते. तेथे इतर जनुके किंवा सगळा डीएनए ताडून पाहावा लागतो. मेक्सिकोत कॉफीच्या मुळांजवळ मिळालेले दोन नत्र-जिवाणू २००१ साली आपल्या जिवाणूचे भाऊबंद, पण वेगळ्या जाती ठरले. त्यातल्या एकाला योहानाबाईंचेच नाव दिले आहे.

तुम्ही म्हणाल, नावाशी आम्हाला काय करायचे? करायचे आहे! युरिया कमी टाकायचा तो या जिवाणूच्या भरवशावर. बाटलीत भलताच निघाला, तर ऊस उपाशी आणि नुकसान आपले. अशी ओळख पटवण्याचे काम पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये होते, आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ॲसिटोबॅक्टरचे संवर्धन तयार होते.

तेव्हा बाटली घेताना जिवाणूचे नाव व अंतिम तारीख वाचावी. बाटली उन्हात ठेवू नये. बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी, जिवाणूंची नंतर, हा क्रम चुकवू नये, ही आमची सर्वांना विनंती.