कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा कशी ओळखावी?

बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू असताना माणूस बेशुद्ध पडल्याच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचतो. कोळशाची शेगडी खोलीत ठेवून, दारे-खिडक्या लावून झोपणाऱ्यांवरही असाच प्रसंग ओढवतो. या दोन्हींच्या मुळाशी बहुधा कार्बन मोनॉक्साइड असतो.

इंधनातील कार्बन पुरेशा हवेत जळला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली तर ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. गळती कळावी म्हणून स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. पण गॅस जळताना तो पदार्थही जळून जातो.

रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशेहून अधिक पट आहे. याचा अर्थ साध्या गणिताने कळतो. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. कार्बन मोनॉक्साइड त्याच्या २१० व्या भागाइतका, म्हणजे फक्त ०.१ टक्के असला, तरी काही तासांत तो सुमारे निम्मे हिमोग्लोबिन अडवून धरतो. उरलेले हिमोग्लोबिनही आपल्याजवळचा ऑक्सिजन पेशींना सहजासहजी देत नाही. मेंदू व हृदय यांना याची झळ आधी लागते.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ, अशक्तपणा आणि नंतर गोंधळलेपण ही याची लक्षणे. ती पित्ताची किंवा फ्लूची वाटतात. त्यातच कार्बन मोनॉक्साइडयुक्त हिमोग्लोबिन लालभडक असते, त्यामुळे रोगी निळा पडत नाही. बोटाला लावायचा नेहमीचा ऑक्सिमीटरही फसतो. त्याला हे दोन प्रकारचे हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाहीत व तो ९८ टक्के असा आकडा दाखवू शकतो. म्हणून निदानाची सुरुवात परिस्थितीवरून करावी लागते. जवळपास काही जळत होते का? घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास झाला का? ताप नाही ना? मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते का? खात्री रक्ततपासणीने होते.

अशा वेळी दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा आणि रोग्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे. वाचवणाऱ्याने आत रेंगाळू नये. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे व कृत्रिम श्वसन सुरू करावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

खरे औषध ऑक्सिजनच. साध्या हवेत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात. घट्ट बसणाऱ्या मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे तासाभराचे काम. १८९५ साली जे. एस. हॉल्डेन यांनी दाखवले, की दुप्पट वायुदाबाच्या ऑक्सिजनमध्ये उंदीर हिमोग्लोबिन निकामी झाले तरी जगतो, कारण रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन त्याला पुरतो. गंभीर रोग्यांना व गरोदर स्त्रियांना दाबाखालील ऑक्सिजन देण्याचा विचार होतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे. स्मरणशक्तीचे दोष काही आठवड्यांनीही दिसू शकतात.

वर्गात ज्वलन शिकवताना पिवळी ज्योत आणि भांड्याच्या बुडाची काजळी दाखवावी. ही अर्धवट ज्वलनाची खूण. मग विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: तुमच्या घरचा गीझर न्हाणीघराच्या आत आहे की बाहेर, आणि त्याचा धूर कुठे जातो?