स्वतःच्या तोंडचा होकार

औरंगाबादच्या गुलमंडीवरच्या कापडदुकानात ‘पांढरा शर्ट दाखवा’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: शाळेसाठी की कार्यक्रमासाठी? मुलाच्या दृढीकरणाची खरेदी करायला आलेल्या कॅथलिक आईची इथे जराशी पंचाईत होते. कार्यक्रम म्हणावं तर कोणता, ते सांगावं लागतं. सुपारी हनुमानाच्या परिसरात हयात गेलेल्या दुकानदाराला बारसं, मुंज, साखरपुडा सगळं पाठ. दृढीकरण मात्र नवं. मग सोपं उत्तर येतं, ‘आमच्यातली मुंजच समजा.’

हे उत्तर अर्धंच खरं आहे. मुंजीनंतर विद्यार्थिदशा सुरू व्हायची. इथे आधी शिकावं लागतं, मग संस्कार. शिवाय मुलगा-मुलगी दोघांचं दृढीकरण होतं, बहुतेकदा एकाच रांगेत.

कॅथलिक धर्मात संस्कार सात. त्यांतले स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तीन माणसाला ख्रिस्तसभेत पूर्णपणे सामावून घेणारे. तान्ह्या बाळाचा स्नानसंस्कार होतो तेव्हा त्याच्या वतीने बोलतात आईवडील आणि धर्मपालक. दृढीकरणाच्या वेळी मात्र तीच वचनं मुलाला स्वतःच्या तोंडाने द्यायची असतात. १९८३ चा ख्रिस्तसभेचा कायदा मुलाकडून तीन गोष्टी मागतो: योग्य शिक्षण, मनाची तयारी आणि स्नानसंस्काराच्या वचनांचं नूतनीकरण करण्याची क्षमता.

या शिक्षणाचे वर्ग भरतात बहुधा रविवारी, मिस्साच्या आगेमागे. पवित्र आत्मा, त्याची सात दानं, प्रेषितांवर तो उतरला तो पेंटेकॉस्टचा दिवस, प्रार्थना, पापनिवेदन असा अभ्यासक्रम. प्रश्नोत्तरांनी शिकवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांचं कोकणी प्रश्नोत्तरांचं पुस्तक गोव्यात रायतूरला १६२२ मध्ये छापलं गेलं. घोकून पाठ केलेली उत्तरं आजही चालतात. मुलं अडखळतात ती ‘तुला स्वतःला काय वाटतं?’ या प्रश्नावर.

प्रत्येक मुलामागे एक धर्मपालक उभा राहतो. त्याचं वय १६ पूर्ण हवं, तो कॅथलिक हवा, स्वतः दृढीकरण झालेला हवा. आईवडिलांना ही जागा घेता येत नाही. शक्यतो स्नानसंस्काराच्या वेळचाच माणूस असावा, असं कायदा सुचवतो.

विधी तसा थोडका. बिशप मुलाच्या कपाळावर क्रिझमने क्रूसाची खूण करतात. क्रिझम म्हणजे ऑलिव्ह किंवा दुसऱ्या एखाद्या वनस्पतीच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून बिशपांनी पवित्र केलेलं तेल. आजी-आजोबांना आठवते ती गालावरची हलकी चापट. श्रद्धेपायी सोसायची तयारी ठेव, असा तिचा अर्थ सांगत. पोप सहावे पॉल यांनी १९७१ मध्ये विधीची नवी मांडणी केली, तेव्हा ती गेली. बिशपांचा मुलूखही मोठा: औरंगाबाद धर्मप्रांत १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावतीतून वेगळा झाला आणि त्याच्या वाट्याला मराठवाडा आला. एवढ्या मुलखात बिशपांना गावोगाव पोहोचणं अवघड असेल, तर ते ही जबाबदारी एखाद्या फादरकडे सोपवू शकतात.

पण रविवारच्या त्याच वर्गात एखादी मल्याळी मुलगी असते आणि ती सांगते, ‘माझं दृढीकरण झालंय, मी तेव्हा तान्ही होते.’ ते खरंच असतं. सिरो-मलबार ही कॅथलिकांचीच पौर्वात्य परंपरा. तिच्यात स्नानसंस्कारासोबतच बाळाला हा अभिषेक होतो आणि तो पुन्हा करायचा नसतो. तिच्या शेजारी बसलेला, लॅटिन परंपरेतला नववीतला मुलगा मात्र अजून तयारीच करतोय.

म्हणजे हा संस्कार हुशारीचं बक्षीस नव्हे, हे दोन्ही परंपरांना मान्य आहे. लॅटिन परंपरेत वयाचा घोळ वाढला त्याचं एक कारण १९१० चं. पोप दहावे पायस यांनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं वय सातच्या आसपास आणलं आणि दृढीकरण त्याच्या मागे पडलं. कायद्यात आजही ‘विवेकाचं वय’, म्हणजे साधारण सात, एवढंच आहे. वेगळं वय ठरवायची मुभा देशोदेशींच्या बिशप परिषदांना आहे. अमेरिकेत २००२ पासून सातपासून सुमारे सोळापर्यंतची मोकळीक आहे.

उशिराच्या वयाचा फायदा असा, की होकार मुलाचा स्वतःचा असतो. तोटाही तिथेच आहे. आठवी-नववीत क्लास, क्रिकेट आणि मोबाइल यांच्यातून रविवार मोकळा काढावा लागतो आणि दृढीकरण झालं की ‘सुटलो’ म्हणून काही जण चर्चकडे फिरकत नाहीत. मल्याळी मुलीचं शिक्षणही संपलेलं नसतंच; तिला मिळालेलं काय आहे, ते समजून घ्यायला ती त्याच बाकावर बसते. तयारी संस्काराच्या आधी असो वा नंतर, ती टळत नाही.

दृढीकरण झालं की त्याची नोंद होते, आणि जिथे स्नानसंस्कार झाला त्या चर्चच्या वहीतही मुलाच्या नावापुढे ती तारीख लिहिली जाते. पुढे चर्चमध्ये लग्न ठरलं की फादर हीच वही उघडतात. नववीतल्या मुलाच्या नावासमोर दोन तारखा असतील, त्यांच्यात काही वर्षांचं अंतर. शेजारच्या मुलीच्या नावासमोर एकच.