बदकाची अंडी घरी उबवताना

खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवून पिल्ले काढण्याची पद्धत ग्रामीण भागात जुनी आहे. खाकी कॅम्पबेलसारख्या भरपूर अंडी देणाऱ्या बदकांना स्वतः अंड्यांवर बसण्याची ओढ फारशी उरलेली नाही, हे त्यामागील कारण. शहरात कोंबडीची जागा लहान उबवणी यंत्र घेते. मात्र यंत्र आणले म्हणजे काम संपले, असे नाही.

कोंबडीचे पिल्लू 21 दिवसांत बाहेर येते; बदकाला साधारणतः 28 दिवस लागतात, तर मस्कोव्ही जातीला सुमारे 35. अंडी नर असलेल्या कळपातील, ताजी व न तडकलेली असावीत. पंखा असलेल्या यंत्रात तापमान 37.5 अंश सेल्सिअस राखावे. गर्भ पडद्याला चिकटू नये म्हणून अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवावीत. 25 व्या दिवसानंतर ती हलवू नयेत. आर्द्रता तोपर्यंत 55 ते 60 टक्के, तर शेवटच्या तीन दिवसांत 70 टक्क्यांहून अधिक ठेवावी.

उबवणीच्या काळात बाष्पीभवनाने अंड्याचे वजन सुमारे 13 टक्क्यांनी घटावे लागते. तरच रुंद टोकाकडील हवेची पोकळी पुरेशी वाढते. कोकणात पावसाळ्यातील दमट हवेमुळे यात अडथळा येऊ शकतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात खोलीच चाळिशी पार करते, तेव्हा साध्या यंत्राचा थर्मोस्टॅट निरुपयोगी ठरतो. तो ऊब देतो, गारवा नव्हे.

खरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. निरोगी दिसणाऱ्या बदकाच्या अंगावर व अंड्यांवरही साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. त्यामुळे यंत्र स्वयंपाकघरात ठेवू नये, अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुले, गर्भवती व वृद्धांना दूर ठेवावे. सुमारे आठव्या दिवशी अंधारात विजेरीवर अंडे धरून पाहावे. रक्तवाहिन्यांचे जाळे न दिसणारी अंडी काढून टाकावीत. कुजलेले अंडे फुटल्यास संपूर्ण यंत्र दूषित होते. देशातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला. बदके लक्षणांविनाही हा विषाणू बाळगू शकतात. म्हणून अंड्यांचा स्रोत खात्रीचाच हवा.

कवचाला पहिली चीर पडल्यावर पिल्लू बाहेर यायला एक ते दोन दिवस लागतात. या काळात घाईने कवच सोलल्यास रक्तस्राव होऊन पिल्लू दगावू शकते. बदके अनेक वर्षे जगतात आणि त्यांना मोकळी जागा व पाणी लागते. सदनिकेच्या गॅलरीत ते शक्य नसेल, तर अंडी यंत्रात ठेवण्यापूर्वीच पिल्लांची सोय ठरवावी.