दादाचा अ‍ॅम्प्लिफायर

दादाच्या हवाईयन गिटारचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर तो गेल्यावर माळ्यावरून खाली काढला. मागची फळी उघडली, तर आत यंत्रमागांच्या सुताची पिंज गादीसारखी बसलेली. भिवंडीत दुसरे काय निघणार! मी उतावीळपणे प्लग खोचणार, तोच दुरुस्तीवाल्या चाचांनी हात धरला. ‘‘साहेब, ३० वर्षं झोपलेल्याला असं दचकवू नका.’’

जुन्या कपॅसिटरमधला ओलावा सुकलेला असतो. एकदम वीज दिली की तो शॉर्ट होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. उलट चांगला कपॅसिटर बंद केल्यावरही अडीचशे-तीनशे व्होल्ट धरून बसतो. तिथे बोट लागले तर जिवाशी गाठ. चाचांनी सुकलेले कपॅसिटर बदलले, मग विजेच्या वायरीत १०० वॅटचा दिवा जोडला. तो लख्ख पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे असे समजायचे. दिवा उजळला, हळूहळू मंदावला. ईएल ८४ च्या काचेत नारिंगी उजेड आला.

बॅंकेच्या परीक्षेचा अभ्यास होत नाही म्हणून हा अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर टाकायला मीच लावला होता. दादा काही बोलला नव्हता.

‘‘आता वाजवा,’’ चाचा म्हणाले. मला कुठे येते? वहिनींनी पुढे होऊन गंजलेली एक तार छेडली.