शाबूत दिसणारा बेल्ट

टायमिंग बेल्ट बदलायचा की अजून थोडा चालवायचा, हे बरेच गाडीमालक बेल्टकडे बघून ठरवतात. कव्हर काढलं, चीर दिसली नाही, दाते धड आहेत, मग चालू दे. माझा आक्षेप या बघण्यावरच आहे. बघणाऱ्याला दिसतं ते रबर; ओढ सोसतात ते त्याच्या पोटातले काचतंतूंचे दोर. इंजिनाची धग आणि सतत वाकणं यांनी ते कमजोर होतात, गळकं ऑइल रबर फुगवतं, आणि यातलं सगळं बाहेरून कळतंच असं नाही. कंपन्या किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मर्यादा देतात त्या यासाठीच. आधी येईल ती पाळायची. दारात उभ्या असलेल्या गाडीचाही बेल्ट म्हातारा होतो. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते; ती ताणली गेली तर निदान सकाळी गाडी सुरू करताना खडखडते. बेल्ट बहुधा न सांगताच तुटतो.

व्हॉल्व उघडणारा कॅम या बेल्टनेच क्रँकशी बांधलेला असतो: क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. ३००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला २५ वेळा उघडतो. बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व आणि वर येणारा पिस्टन एकच जागा आळीपाळीने वापरतात. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, पिस्टन येतच राहतो, व्हॉल्व वाकतात आणि हेड उतरवावं लागतं. त्या खर्चापुढे बेल्टची किंमत किरकोळ आहे.

गॅरेजवाला टेन्शनर, आयडलर, वॉटर पंपही बिलात घालतो, ही तक्रार असते. शंका रास्त आहे, पण पुष्कळ इंजिनांत पंप याच बेल्टवर चालतो. तो पुढे गळला तर तीच खोलाखोल, तीच मजुरी पुन्हा. टेन्शनरचं बेअरिंग अडकलं तर नवा बेल्टही जातो. जुने भाग मागून घ्यावेत, बेअरिंग बोटाने फिरवून खरखर जाणवते का ते पाहावं.

खरी कसोटी बसवल्यानंतरची. क्रँक आणि कॅमवरच्या खुणा जुळवून, टेन्शनर लावून झाला की सेल्फ मारायचा नाही. पान्याने क्रँक हळूहळू पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा पाहायच्या. एका दात्याचा फरक इथे पकडला जातो. मध्येच अडलं तर जोर न लावता थांबायचं. घाईच्या गॅरेजात नेमकी हीच पाच मिनिटं वाचवली जातात, म्हणून ती समोर उभं राहून करून घ्यावीत.

जुन्या सँट्रो, डिझेल डस्टर अशा बेल्टवाल्या गाड्या सेकंडहँड बाजारात भरपूर आहेत. पावती नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरावं आणि तो खर्च किमतीतून वळता करून घ्यावा.