काडतूसही यंत्राचाच भाग

वेस्टर्न चित्रपटातल्या काउबॉयची लिव्हरची रायफल आज विकत घ्यायला गेलात, तर नळीवर पत्ता अनेकदा इटलीचा निघतो. ब्रेशाजवळच्या गार्दोने व्हाल त्रोम्पियात बेरेटा घराणं १५२६ पासून बंदुकीच्या नळ्या घडवतंय. तिथंच १९५९ मध्ये आल्दो उबेर्ती यांनी कारखाना काढला. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर होती आणि जुन्या हत्यारांच्या हुबेहूब प्रतिकृतींना गिऱ्हाईक मिळणार हे उघड होतं. विंचेस्टर १८७३ या प्रतिकृतींत आज सगळ्यांची लाडकी. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या काउबॉय नेमबाजीच्या खेळामुळे अमेरिकेत तिचा सेकंडहँड बाजारही तेजीत असतो.

या रायफलीचं कुशीवरचं झाकण काढून कुणी ती सावकाश चालवून दाखवली, तर बघतच राहावं. आत दोन दुवे असतात, गुडघ्यासारखे जोडलेले. लिव्हर खाली ओढला की गुडघा वाकतो, बोल्ट मागे येतो, रिकामं काडतूस बाहेर उडतं, घोडा चढतो आणि शेवटच्या इंचात एक पितळी ठोकळा नवं काडतूस घेऊन लिफ्टसारखा वर येतो. लिव्हर मिटला की गुडघा ताठ. बाराचा सगळा धक्का मग त्या दोन दुव्यांवर आणि त्यांच्या खिळींवर.

खरी गंमत त्या ठोकळ्यात आहे. नळीखालच्या मॅगझिनमधून स्प्रिंग एकेक काडतूस ठोकळ्यात ढकलते, पण पुढचं काडतूस अडवायला वेगळा खटकाच नाही! ते काम ठोकळ्यात बसलेलं काडतूस स्वतःच्या लांबीनं करतं. ते लांब असेल तर त्याचं नाक मॅगझिनमध्ये अडकून राहतं. फार आखूड असेल तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत डोकावतं. दोन्हीकडे ठोकळा जागीच रुततो. .३५७ मॅग्नमच्या रायफलीत .३८ स्पेशल चालतं म्हणतात, आणि दाबाच्या दृष्टीनं ते खरंही आहे. पण त्याचं पितळी नळकांडं सुमारे साडेतीन मिलिमीटरनं आखूड असतं. पुढे लांब नाकाची गोळी बसवलेली असेल तर लांबी जवळपास जुळते. सपाट कापलेल्या बुटक्या गोळीचं काडतूस घेतलंत, तर मात्र अडलंच म्हणून समजा.

गोळीचं नाकही मनाला येईल तसं चालत नाही. मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं नाक टेकलेलं. आणि बुडाच्या मध्यावरच पेट घेणारी टोपी. टोकदार कडक गोळी असली तर एका बाराच्या धक्क्यानं पुढचं काडतूस मॅगझिनमध्येच फुटू शकतं. म्हणून चपट्या नाकाची गोळी हवी.

दाबाचं गणित थोडक्यात. १८७३ सालचं .४४-४० काडतूस म्हणजे ४० ग्रेन काळी दारू आणि २०० ग्रेनची, साधारण १३ ग्रॅमची गोळी. दाब बेताचाच. आजच्या .३५७ मॅग्नमची मर्यादा दर चौरस इंचाला ३५,००० पौंड, तर .४५ कोल्टची १४,०००. आधुनिक पोलादामुळे नव्या १८७३ मध्ये .३५७ सुद्धा मिळते याचं मला नवल वाटतं, पण रोज जोरकस काडतुसं उडवायची असतील तर जॉन ब्राउनिंगनं आखलेली विंचेस्टर १८९२ बरी. तिचा बोल्ट दोन उभ्या कड्या रोखून धरतात. .४५ च्या काही डब्यांवर फक्त मजबूत रिव्हॉल्व्हरसाठी असं छापलेलं असतं. ती काडतुसं १८७३ च्या नळीत आरामात बसतात, आणि धोका तिथंच आहे.

अशी सेकंडहँड प्रतिकृती हातात आली की ती रिकामी असल्याची खात्री करून लिव्हर मिटा आणि बोल्ट डुगडुगतो का पाहा. नळीचं तोंड निरखा. ठोकलेल्या छापांत छोट्या चौकटीतली अक्षरं शोधा: गार्दोनेच्या सरकारमान्य चाचणीगृहानं रायफल कोणत्या साली तपासली, ते त्यातून कळतं.

काळी दारू उडवायची हौस असेल तर मी .४४-४० च घेईन. तिच्या नळकांड्याची भिंत पातळ असते. बार होताच ती फुगून चेंबरला चिकटते आणि काजळी मागे यायला वाटच उरत नाही. .४५ ची भिंत जाड, त्यामुळे दुपारपर्यंत तो पितळी ठोकळा काळा पडून कुरकुरायला लागतो.